दहा वाट्यांतले कोणतेही तीन

बोईसरच्या मासळीबाजारात फळीवर बोंबील, मांदेली, बारके पापलेट वाट्यांनी मांडलेले असतात. बाजूच्या थर्माकोलच्या खोक्यावर पैसे घेण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला. पावसाने त्याचा रंग उतरलाय, मधोमध एक खवला वाळून घट्ट बसलाय आणि खालच्या उजव्या कोपऱ्याचा कागद सोलून निघालाय. तरी गिऱ्हाइकाने मोबाइल समोर धरला की मासळीवाल्या मावशींचं नाव पडद्यावर येतं. बाकीच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत आहेत, तेवढ्यावर मोबाइलला कोड सापडतो. पण गेलेला मजकूर कुठून भरून येतो?

त्याचं उत्तर १९६० सालात आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी त्या वर्षी जेमतेम पाच पानांचा एक निबंध छापला. कल्पना शाळेच्या पाटीवर मावेल अशी आहे. दोन ठिपक्यांतून एकच सरळ रेषा जाते. त्याच रेषेवर आणखी आठ ठिपके काढून ठेवले, तर दहांतले कोणतेही आठ पुसले गेले तरी उरलेल्या दोनांवरून ती रेषा पुन्हा ओढता येते. रेषेच्या जागी अन्वस्त घेतला, तर तीन ठिपके लागतात. म्हणजे मजकुराची रेषा किंवा वळण करायचं आणि गरजेपेक्षा जास्त ठिपके जपायचे. व्हॉयेजर-२ ने १९८६ मध्ये युरेनसची छायाचित्रं पाठवली तेव्हा हेच गणित कामाला होतं. जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड बनवला. त्याच्या पोटातही हेच बसवलं. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे तीस टक्के मजकूर खराब झाला तरी कोड वाचता येतो. कारखान्याच्या आवारासाठी जन्मलेली ही वस्तू तारापूर एमआयडीसीच्या शेजारच्या मासळीबाजारात इतकी रुळली, याचं नवल वाटायला नको; तेल, पाणी आणि हाताळणी दोन्हीकडे सारखीच.

या कुळाची दुसरी शाखा कुलपातून निघाली. सरकारी कोषागारात दुहेरी कुलुपाची पद्धत जुनी आहे: दोन किल्ल्या, दोन अधिकारी, दोघे हजर असतील तरच दार उघडतं. बँकेच्या लॉकरलाही एक किल्ली खातेदाराची, एक बँकेची. चोरीपासून राखायला हे उत्तम, पण दोघांतला एक आजारी पडला की काम अडतं. मग अकरा जणांपैकी कोणतेही सहा जमले की कपाट उघडावं, अशी सोय करायची तर? कुलपांनीच करायची म्हटली तर कमीत कमी ४६२ कुलुपं लागतात आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या! आदी शमीर यांनी १९७९ मधल्या आपल्या निबंधाची सुरुवात याच कोड्याने केली. त्यांचं उत्तर पुन्हा रेषेचंच होतं. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा हे गुपित. प्रत्येकाच्या हाती रेषेवरचा एकेक ठिपका. दोघे भेटले की रेषा मिळते. एकट्याच्या ठिपक्यातून मात्र असंख्य रेषा जातात, म्हणून एकट्याला गुपिताचा मागमूसही लागत नाही. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली यांनी वेगळ्या वाटेने हीच सोय शोधली.

तारापूरला या विचाराचं एक भावंडही नांदतं. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या; चौथी २००५ मध्ये वीज देऊ लागली, तिसरी २००६ मध्ये. या जातीच्या अणुभट्टीत एकच मोजमाप तीन स्वतंत्र वाहिन्या घेतात आणि तिघींपैकी दोघींनी धोका सांगितला की भट्टी आपोआप बंद होते. एक वाहिनी बिघडली म्हणून संरक्षण जात नाही, आणि एकीच्याच खोट्या इशाऱ्याने भट्टी बंदही पडत नाही. इथे गुपित काही नाही, रेषाही नाही. पण एकावर विसंबायचं नाही, हा स्वभाव तोच.

दोन्ही शाखा एकत्र आल्या त्या फायली साठवताना. शमीर यांच्या पद्धतीत प्रत्येक वाटा मूळ गुपिताएवढाच मोठा होतो. किल्लीला ते परवडतं, हजारो छायाचित्रांना नाही. मायकेल रॅबिन यांनी १९८९ मध्ये वाटे लहान कसे ठेवायचे ते दाखवलं. पुढे ऑलमायडेटा या कंपनीत झूको विलकॉक्स-ओहर्न, ब्रायन वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टाहो’ ही प्रणाली बांधली आणि २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. फाइल आधी मालकाच्याच संगणकावर कुलूपबंद होते, मग तिचे दहा वाटे होतात आणि ते निरनिराळ्या यंत्रांवर जातात. कोणतेही तीन परत मिळाले की फाइल अख्खी. एक जीबीच्या फाइलला सुमारे ३.३ जीबी जागा लागते. सात यंत्रं बुडाली तरी निभावण्यासाठी नुसत्या प्रती काढल्या असत्या, तर आठ जीबी लागली असती. ज्यांच्या यंत्रावर वाटे आहेत त्यांना आत काय आहे ते कळत नाही, म्हणून गुपित राखण्यासाठी त्यांच्यावर विश्वास टाकायची गरजच उरत नाही. नंतर आलेल्या ‘स्टोर्ज’ने ८० वाटे आणि त्यांतले कोणतेही २९, असं प्रमाण धरलं.

मासळीच्या वाट्यात आणि या वाट्यात मोठा फरक आहे. फळीवरचा वाटा मांजराने पळवला की गेलाच. इथे सात गेले तरी माल पूर्ण.

बोईसरच्या एखाद्या छोट्या गाळ्याच्या संगणकात साच्यांची ड्रॉइंग्ज, जीएसटीची बिलं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं असतात आणि बहुतेकदा त्यांची दुसरी प्रत त्याच टेबलाच्या खणात, पेनड्राइव्हवर. अशा गाळ्याने या वाटेला लागताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. वाटे लांब लांब असावेत. दहाही यंत्रं एकाच छपराखाली असली, तर एका आगीत दहाही जातात. आणि त्याहून मोठी गोष्ट किल्लीची. टाहोमध्ये फाइलचा पत्ता आणि किल्ली मिळून अक्षरांची एकच लांब माळ असते. ती हरवली की ‘पासवर्ड विसरलात का’ असं विचारणारं कुणी नसतं. वाटे सगळे जागेवर असूनही फाइल कायमची बंद.

म्हणून किल्लीचेही वाटे करावेत, शमीर यांच्या रीतीने, तिनांतले कोणतेही दोन: एक गाळ्यात, एक पालघरला बहिणीच्या कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. मग एखादी किरकोळ फाइल चढवावी, किल्लीचा गाळ्यातला वाटा नाही असं धरून चालावं आणि बहिणीला फोन लावून, लॉकर उघडून उरलेल्या दोन वाट्यांवर ती फाइल वेगळ्याच संगणकावर उतरवून बघावी. ती उघडली की मगच ड्रॉइंग्जना हात घालावा.