जननांगांचा हर्पिस

जननांगांचा हर्पिस हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे होणारा लैंगिक संक्रमित आजार आहे. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. प्रकार १ मुख्यत्वे तोंडावाटे पसरतो व ओठांवर फोड आणतो. प्रकार २ लैंगिक संबंधातून पसरतो. प्रकार १ मुळेही जननांगांना संसर्ग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४.६ कोटी लोकांना, म्हणजे दर पाचांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना, जननांगांचा हर्पिस संसर्ग होता. त्यांपैकी बहुतेकांना लक्षणे नसतात किंवा ती सौम्य असतात.

नावाविषयीचा गोंधळ

‘हर्पिस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला असून संस्कृत ‘सर्प’ त्याच कुळातील आहे. मराठीत ‘नागीण’, कन्नडमध्ये ‘सर्पसुत्तु’ व तेलुगूत ‘सर्पि’ या नावांतही सापच आहे. सोलापुरात या तिन्ही भाषा बोलल्या जातात. मात्र ही नावे हर्पिस झोस्टर या वेगळ्या आजाराची आहेत. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो आणि लैंगिक संबंधातून पसरत नाही.

स्वरूप व निदान

संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत वेदनादायक फोड व व्रण, ताप किंवा जांघेत गाठी येऊ शकतात. त्यानंतर विषाणू कण्याच्या खालच्या भागातील चेतागुच्छांत सुप्त राहतो व अधूनमधून पुन्हा सक्रिय होतो. पुढचे उद्रेक सहसा सौम्य व विरळ होत जातात. आजार समूळ बरा होत नाही. मात्र असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर यांसारख्या औषधांनी उद्रेकाचा काळ व तीव्रता कमी होते.

व्रणातील स्रावाची पीसीआर चाचणी निदानासाठी विश्वसनीय मानली जाते. पहिला उद्रेक संसर्गानंतर अनेक महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतो. त्यामुळे संसर्ग कधी व कोणाकडून झाला हे निदानावरून ठरवता येत नाही. जोडीदाराच्या अलीकडील बेवफाईचा तो पुरावा नव्हे.

कुटुंबीयांना असलेला धोका

हा विषाणू त्वचेच्या किंवा श्लेष्मल आवरणाच्या थेट संपर्कातून पसरतो व शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. एकत्र जेवण, मिठी, कपडे धुणे किंवा एकच शौचालय वापरणे यांतून जननांगांचा हर्पिस पसरत नाही. मुलांना कडेवर घेण्यास हरकत नसते. फोडांना स्पर्श झाल्यास हात साबणाने धुवावेत. ओठांवर फोड असणाऱ्याने मात्र बाळाचे चुंबन घेऊ नये.

प्रत्यक्ष धोका प्रामुख्याने दोघांना असतो: जोडीदार व नवजात बालक.

* जोडीदार: मुंग्या किंवा जळजळ सुरू झाल्यापासून व्रण पूर्ण भरेपर्यंत लैंगिक संबंध टाळावेत. लक्षणे नसतानाही विषाणू बाहेर पडू शकत असल्याने एरवी निरोध वापरावा. त्याने धोका घटतो, पण नाहीसा होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४८४ जोडप्यांवरील चाचणीत, बाधित जोडीदाराने रोज व्हॅलासायक्लोविर घेतल्यास प्रकार २ चे संक्रमण ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. प्रकार २ मुळे एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते, म्हणून ती चाचणीही केली जाते.
* नवजात बालक: गरोदरपणाच्या अखेरीस प्रथमच संसर्ग झाल्यास धोका सर्वाधिक असतो, जुना संसर्ग असल्यास तो बराच कमी असतो. प्रसूतीच्या वेळी व्रण असल्यास शस्त्रक्रियेने प्रसूती केली जाते. त्यामुळे आई किंवा वडिलांच्या हर्पिसची माहिती स्त्रीरोगतज्ज्ञांना देणे आवश्यक असते.

मानसिक परिणाम

निदानानंतर लाज, अपराधभाव, विवाह मोडण्याची भीती आणि जवळच्यांपासून अंतर राखणे या प्रतिक्रिया सामान्य आहेत. धोका कोणाला आहे आणि कोणाला नाही हे स्पष्ट झाल्यास अनावश्यक दुरावा टाळता येतो. आजाराची माहिती संपूर्ण घराला देण्याची वैद्यकीय गरज नसते. जोडीदाराला मात्र संबंधापूर्वी सांगणे महत्त्वाचे ठरते, कारण खबरदारीचा निर्णय दोघांचा असतो.

उपचार व समुपदेशन

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय ही प्रमुख शासकीय संस्था आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयांतील लैंगिक आजारांच्या केंद्रांना ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. तेथे उपचारासोबत गोपनीय समुपदेशन मिळते. कार्यक्रमाच्या रंगनिहाय औषधसंचांपैकी हर्पिसच्या व्रणांसाठीचा संच लाल असून त्यात असायक्लोविर असते. १०९७ ही एचआयव्ही व लैंगिक आजारांविषयीची, तर १४४१६ ही मानसिक आरोग्याची निःशुल्क शासकीय मदतवाहिनी आहे.