शिदोरी, खाणावळ आणि चहाची बशी

आपल्या शहराच्या इतिहासात न्याहारीचा एकच उल्लेख प्रसिद्धीस आला आहे, आणि तीही आपल्या लोकांची न्याहारी नव्हे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीच्या फौजेने नगरच्या पेठेचा तट शिड्या लावून घेतला. त्या वेळी इंग्रजांच्या तळावर असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने पुण्यास आश्चर्याने लिहून कळविले, की ही माणसे सकाळी येतात काय, तट चढतात काय, आतील शिबंदी कापून काढतात काय आणि न्याहारीस माघारी जातात काय! पुढे चारच दिवसांनी, १२ ऑगस्टला, किल्लाही पडला. निजामशाहीपासून कंपनी सरकारपर्यंतच्या लढाया व तह ह्यांच्या तारखा आपणांस पाठ असतात. परंतु ज्या पेठेसाठी हे सर्व घडले, त्या पेठेत परगावाहून आलेला साधा माणूस दुपारी जेवत कोठे होता, ह्याची नोंद कोणी आस्थेने ठेवलेली दिसत नाही.

सावेडीतील उपाहारगृहांवर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. विषय प्रथम हलका वाटला. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की कोण कोठे बसून कोणाच्या हातचे खातो ह्या प्रश्नाभोवतीच आपल्या साऱ्या ज्ञातिसंस्था उभ्या राहिल्या. तेव्हा सावेडीच्या टेबलापाशी पोहोचण्यापूर्वी जुन्या पेठेतील पंगतीतून जावेच लागेल.

क्षेत्रफळाने आपला जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. अकोल्याच्या डोंगरातला मनुष्य आणि जामखेडच्या माळावरचा मनुष्य, दोघांनाही कलेक्टर कचेरी व जिल्हा न्यायालय एकच, ते नगरला. दाव्याची तारीख, कर्जाचा कागद, लग्नाचा बस्ता, आजाऱ्याचे औषध, कशासाठीही आले तरी दिवस मोडतच असे. निघताना घरची बाई पहाटे उठून भाकरी थापी, त्यांवर लसणीची चटणी, कांदा आणि जमले तर कोरडे पिठले ठेवून फडक्यात बांधून देई. ती शिदोरी झाडाखाली नाही तर धर्मशाळेच्या ओट्यावर सुटे. ज्यांचे शहरात कोणी होते ते त्याच्या घरी उतरत. येथे ‘कोणी’ म्हणजे ज्ञातीतला, हे सांगावयास नको. शिजलेले अन्न परक्या हातचे घेऊ नये हा नियम असल्यामुळे कापड बाजारातला किंवा माळीवाड्यातला ज्ञातिबांधव हीच त्या काळची खाणावळ होती. अशा घरांतील यजमानांच्या आतिथ्याची वर्णने आपल्या जुन्या स्मरणिकांतून पुष्कळ आली आहेत. चुलीपुढे अवेळी पुन्हा बसणाऱ्या त्यांच्या बायकांविषयी मात्र एक ओळही आढळत नाही. ती उणीव ह्या लेखापुरती तरी नोंदवून ठेवतो.

१८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, शाळा वाढल्या, वकील व कारकून वाढले, आणि घरापासून दूर एकट्याने राहणाऱ्या पुरुषांचा व मुलांचा वर्ग शहरात निर्माण झाला. ब्राह्मणांचा गरीब मुलगा असला तर तो माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्याच्या हाती दरमहा थोडे पैसे येत तो खाणावळीत नाव घालू लागला. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत खाणावळीचा धंदा प्रथम उचलला तो पुष्कळदा निराधार, विधवा स्त्रियांनी. ज्यांना दुसरी कोणतीही विद्या शिकू दिली गेली नव्हती, त्यांनी स्वयंपाकाचीच विद्या केली. ह्या खाणावळींनाही जात होती. कोणत्या खाणावळीत कोणी जेवावयाचे हे पाटीवर लिहिलेले असो वा नसो, विचारणाऱ्यास दारातच समजे.

मुलांच्या जेवणाची ही अडचण ओळखूनच कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले व पुढे निरनिराळ्या समाजांस वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले. त्याच वाऱ्याने महाराष्ट्रभर ज्ञातिवसतिगृहे निघाली. आपल्यासारख्या संस्थांचा पाया ह्याच काळातला आहे, आणि त्याबद्दल आपणांस अभिमान वाटतो तो योग्यच आहे. कारण ज्या मुलास शहरात कोणी पानावर बसू देत नव्हते तो त्यामुळे दोन वेळ जेवून शिकला. परंतु सत्य सांगावयाचे तर, वसतिगृहाने मुलगा शिकविला तशी पंगतही राखली. शिकलेला मुलगा बाहेर पडताना आपल्याच ताटाची सवय घेऊन पडला. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, तेव्हा दुसराही मार्ग होता हे उघड झाले. तो मार्ग त्या वेळी आपल्यापैकी किती संस्थांनी घेतला, हे ज्याने त्याने आपापल्या जुन्या कार्यवृत्तांत पाहावे.

पंगतीचा हा तट खऱ्या अर्थाने प्रथम कोणी ओलांडला असेल तर तो चहाने. वरणभाताविषयी धर्मशास्त्रात विधिनिषेध होते. चहाविषयी काहीच नव्हते, कारण शास्त्रकारांनी तो पाहिलाच नव्हता. तरीही १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहाचे पेले आले, आणि हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापली जाताच पुण्यात असे ग्रामण्य माजले, की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक पेला चहा, आणि त्यावर दोन वर्षे वाद! १९०३ साली सरकारने चहावर कर बसवून त्याचे उत्पन्न चहाच्याच प्रसारास लावले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत चहा स्टेशनापासून बाजारापर्यंत सर्वत्र पोहोचला. रेल्वेच्या फलाटावर ‘हिंदू चहा’ व ‘मुसलमान चहा’ अशा वेगळ्या आरोळ्या उठत. म्हणजे चहाने शिवाशिव घालविली असे नव्हे. तिला कपबशीत नवे घर मिळाले. पितळेचे भांडे राखेने घासून शुद्ध होई. चिनी मातीच्या कपाविषयी जुन्या माणसांच्या मनात शेवटपर्यंत किंतु राहिला, आणि म्हणूनच चहाच्या दुकानात कप वेगळा ठेवण्याची रीत इतक्या सहजपणे रुजली.

ह्या रीतीवर पहिला मोठा घाव कोल्हापुरात बसला. शाहू महाराजांच्या पदरी चाकरीस असलेल्या गंगाराम कांबळे ह्यांस पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांस हे कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांस शासन केले, गंगाराम ह्यांस चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि भांडवलही दिले. गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोण येणार? तेव्हा खुद्द महाराज आपली गाडी दुकानाशी थांबवीत, चहा मागवीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजीत. छत्रपतींच्या समोर कप नाकारण्याची छाती कोणाची होती? पुढे १९३३ साली सावरकरांनी रत्नागिरीस अखिल हिंदू उपाहारगृह काढून घेतले. तेथे अस्पृश्य मानलेल्यांच्या हातचा चहा सर्वांस मिळे. राजाच्या धाकाने वा पुढाऱ्याच्या आग्रहाने जे एका दुकानात घडले ते सर्व दुकानांत घडावे म्हणून डॉक्टर आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झालेल्या घटनेत, पंधराव्या कलमात, दुकाने व सार्वजनिक विहिरींबरोबर उपाहारगृहांचाही स्पष्ट उल्लेख करावा लागला. घटना लिहिणाऱ्यांस चहाच्या दुकानाची दखल घ्यावी लागते, ह्यावरून त्या दुकानाचे महत्त्व ध्यानी यावे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. तरी मद्रासेस १९५७ साली पेरियार रामस्वामी ह्यांच्या अनुयायांस एका उपाहारगृहाच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द काढविण्यासाठी निदर्शने करावी लागली.

आता नगरकडे परत येऊ. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, ही गोष्ट प्रत्येक नगरकरास ठाऊक आहे. त्या गाडीने केलेला एक बदल मात्र फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. बैलगाडीने आलेला मनुष्य मुक्काम करी; मोटारीने आलेला त्याच दिवशी परत जाऊ लागला. त्यामुळे ज्ञातिबांधवाच्या घरचे रात्रीचे जेवण सुटले आणि दुपारचे जेवण बाजारात आले. माळीवाड्याच्या मोटार थांब्याच्या आसपास चहा, भजी, मिसळ व राइस प्लेट ह्यांची दुकाने वाढली ती ह्या प्रवाशांच्या जोरावर. पुष्कळ शेतकरी भाकरी घरची आणीत आणि दुकानातून फक्त रस्सा किंवा भजी घेत. दुकानदारही त्यास हरकत घेत नसत, कारण चहा ठरलेलाच असे.

१९५८ च्या सुमारास वडील मला घेऊन शेवगाव तालुक्यातील आमच्या गावाहून जमिनीच्या दाव्यासाठी नगरास आले होते. बरोबर साक्षीदार म्हणून गावच्या महारवाड्यातील एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही मुले त्यांना बाबा म्हणत असू. बाबांची साक्ष चोख झाली. उलटतपासणीत वकिलाने पुष्कळ फिरवून पाहिले, पण बांधावरच्या बाभळीपासून विहिरीपर्यंतची खूण त्यांनी जशीच्या तशी सांगितली. कोर्टाबाहेर येताच वडील म्हणाले, “चला, चहा घेऊ.” आम्ही एका दुकानात शिरलो. बाकावर बसल्यावर मी मागे पाहिले तर बाबा आत आलेच नव्हते. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेले दोन कप पालथे घातलेले होते. त्यांतला एक बाबांनी कोणी न सांगता उचलला, रांजणापासून दूर उभे राहून पोराकडून वरून पाणी ओतून घेतले, विसळला आणि पुढे धरला. चहा वरूनच पडला. पिऊन झाल्यावर त्यांनी कप पुन्हा धुतला आणि होता तसाच कोनाड्यात पालथा घातला. मी वडिलांस विचारले, बाबा आत का आले नाहीत? वडिलांनी उत्तर दिले नाही; आपली बशी तशीच टेबलावर ठेवली आणि पैसे देऊन उठले. ज्याच्या शपथेवर आमची जमीन राहिली त्याच्यासाठी त्या दुकानात आतला कप नव्हता, आणि आम्ही आत बसलो होतो. कायदा होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. ते दुकान आता नाही, आणि त्या एकट्यालाच दोष द्यावा असेही नाही. तसे कोनाडे पुष्कळ ठिकाणी होते.

ते केव्हा नाहीसे झाले? नेमकी तारीख सांगता येईल अशी ही गोष्टच नव्हे. कायद्याने धाक घातला, दलित तरुणांनी ठिकठिकाणी आत शिरून हक्काने कप मागितला, आणि धंद्यानेही आपले काम केले. गर्दीच्या वेळी शंभर गिऱ्हाइके आली तर कोणाची जात विचारीत बसणे दुकानदारास परवडत नाही. मुंबईत माटुंग्यास १९४२ साली रामा नायकांनी उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले, आणि दक्षिण कानड्यातून आलेल्या त्यांच्यासारख्या मंडळींनी पुढील काळात महाराष्ट्रातील गावोगावी इडली-डोशाची टेबले मांडली. ह्या टेबलावर पंगत नव्हती. शेजारी कोण बसेल हे यजमान ठरवीत नव्हता, रिकामी खुर्ची ठरवीत होती. फाळणीनंतर आपल्या शहरात वसलेल्या सिंधी व पंजाबी कुटुंबांनी छोले-भटुरे आणि तंदुरी रोटी आणली. ज्या पदार्थास आपल्या आजीच्या सोवळ्यात जागाच नव्हती तो बाटविणार तरी कसा?

सावेडीचे वैशिष्ट्य येथे आहे. दिल्ली दरवाजाबाहेर, मनमाड रस्त्याच्या बाजूस असलेले हे एकेकाळचे वेगळे खेडे. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीतील सर्वांत गजबजलेल्या उपनगरांत मोडते. जुन्या पेठांप्रमाणे येथे जातवार आळ्या पडल्या नाहीत. भूखंड ज्याने घेतला त्याचा. नोकरदार, शिक्षक, डॉक्टर, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे कामगार आणि तालुक्यातालुक्यांतून शिकण्यास आलेली मुले एकत्र राहू लागली, आणि त्यांच्यासाठी प्रोफेसर कॉलनी चौकात, गुलमोहर रस्त्यावर व पाइपलाइन रस्त्यावर खाण्याच्या जागा निघाल्या. मेसचा डबा, वडापावची गाडी, थाळीचे भोजनालय, वातानुकूलित उपाहारगृह, ज्याला जे परवडेल ते. कोणाचा आचारी कोण, हे येथे कोणी विचारीत नाही. पाट्यांवर ‘शुद्ध शाकाहारी’ ही अक्षरे मात्र मोठी असतात. त्यांतील ‘शुद्ध’ हा शब्द आहारासाठीच आहे असे धरून चालण्याची माझी तयारी आहे. तथापि भाड्याने खोली शोधणाऱ्या मुलांस आडनाव विचारणारी घरे अद्याप आहेत, आणि त्याच मुलांस दुपारी शेजारच्या भोजनालयात कोणी काही विचारीत नाही, हा विरोध रोज दिसतो.

सरकारनेही मधल्या काळात गरिबाच्या दुपारच्या जेवणात हात घातला. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली व काही वर्षांत मिटली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली, आणि महामारीच्या दिवसांत पुष्कळांस तिनेच तारले. कलेक्टर कचेरीच्या कामास आलेल्या मनुष्याला दुपारी काय खावे हा प्रश्न पूर्वीइतकाच खरा आहे. शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले तरी अकोले आणि जामखेड होते तितकेच दूर आहेत.

आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचा स्वयंपाक पूर्वी ज्ञातीतीलच माणसे करीत व वाढीतही तीच. गेली कित्येक वर्षे तो कंत्राटाने दिला जातो, आणि वाढणाऱ्या मुलांची नावेगावे आपण विचारीत नाही. ह्याविषयी मंडळाने कधी ठराव केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो झाला तो ठरावावाचून.

ह्या विषयाची लिखित साधने फार थोडी आहेत. ज्यांच्या घरी जुन्या खाणावळींची महिनेवारी पुस्तके, दुकानांची बिले, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील हिशेबाच्या वह्या किंवा जुन्या पाट्यांची छायाचित्रे असतील त्यांनी ती नक्कल करून घेण्यापुरती मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. ज्या वृद्ध मंडळींस बाहेरचे कोनाडे आठवत असतील, आणि विशेषतः ज्यांनी त्या कोनाड्यातल्या कपाने चहा घेतला असेल, मग ती कोणत्याही समाजाची असोत, त्यांनी आपली हकिकत सांगण्यास मान्यता दिली तर ती लिहून घेण्यास मी स्वतः त्यांच्या घरी येईन.