सलाईनच्या पिशवीचे कूळ

ऑपरेशन झाले की पोट शिवायचे, हा सर्जरीतला पक्का दंडक. हा दंडक मोडायला ज्या वस्तूने सर्जनांना बळ दिले तिला जगभर ‘बोगोटा बॅग’ म्हणतात. १९८४ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या सान हुआन दे दिओस रुग्णालयात ओस्वाल्दो बोर्राएस या निवासी डॉक्टरने ती वापरली. सलाईनची प्लास्टिकची पिशवी कापून सपाट पसरायची, सुजून वर आलेल्या आतड्यांवर अंथरायची आणि तिची किनार जखमेच्या कडेने कातडीला टाक्यांनी जोडायची. पिशवीची आतली बाजू मुळातच निर्जंतुक, प्लास्टिक आतड्यांना चिकटत नाही, आणि आरपार दिसत असल्याने आतडे गुलाबी आहे की काळवंडते आहे हे खाटेशी उभ्या नर्सलाही कळते. बोगोटाचे नाव तिला ह्यूस्टनच्या केनेथ मॅटॉक्स यांनी दिले. कोलंबियात ती ‘बोर्राएसची पिशवी’ आहे, आणि तेच नाव मला न्यायाचे वाटते.

पण तिचे खरे कूळ प्लास्टिकमध्ये नाही, पोट न शिवण्याच्या निर्णयात आहे. ब्रिटिश सर्जन हेनिज ओगिल्वी यांनी १९४० मध्येच, युद्धातल्या पोटाच्या जखमांवर लिहिताना, व्हॅसलिन लावलेले पातळ कॅनव्हास जखमेपेक्षा थोडे लहान कापून कडांना टाचण्याची रीत सांगितली होती. मग मधली चार दशके ती का रुजली नाही? माझ्या मते, ‘पोट उघडे का ठेवायचे’ याचे उत्तर हाती नव्हते म्हणून. १९८३ मध्ये अमेरिकेत हार्लन स्टोन यांनी रक्त गोठायचे थांबलेल्या ३१ रुग्णांचा हिशेब मांडला. नेहमीसारखे पूर्ण ऑपरेशन झालेल्या १४ जणांत एकच वाचला. ऑपरेशन मध्येच थांबवून, पोटात कापडी घड्या दाबून पुढे ढकललेल्या १७ जणांत ११ वाचले. पुढच्याच वर्षी क्रॉन आणि सहकाऱ्यांनी लघवीच्या नळीतून पोटातला दाब मोजला. दाब वाढला की मूत्रपिंडे काम थांबवतात आणि पोट उघडले की लघवी पुन्हा सुरू होते, हे त्यातून दिसले. ताणून घातलेला टाकाच रुग्णाचा जीव घेऊ शकतो, याला आता आकडा मिळाला. बोर्राएसची पिशवी नेमकी याच सुमारास आली.

या पिशवीवर आक्षेप घेतले जातात, आणि ते खोटे नाहीत. पिशवी जखमेच्या कडा ओढून धरत नाही. पोटाचे स्नायू बाजूला आखडतात आणि पुढे मोठा हर्निया राहतो. साचलेले पाणी ती शोषत नाही. उघड्या आतड्याला भोक पडून फिस्टुला होऊ शकतो. म्हणूनच १९९५ मध्ये टेनेसीतल्या चॅटानूगाच्या सर्जनांनी छिद्रे पाडलेले प्लास्टिक, ओले टॉवेल आणि सक्शनच्या नळ्या यांचा व्हॅक्युम पॅक मांडला, आणि २००७ मध्ये स्वीडनच्या माल्मोत व्हॅक्युमला जाळी जोडून कडा टप्प्याटप्प्याने जवळ आणण्याची पद्धत आली. या पद्धती सरसच आहेत. पण त्यांची सरशी दिसते ती मुख्यतः पुढच्या दिवसांत. पहिल्या रात्रीची गरज दाब उतरवणे आणि आतडी झाकणे एवढीच असते, आणि ती गरीब इस्पितळातली पिशवीही भागवते. तेव्हा व्हॅक्युमची सोय असेल तिथे ती जरूर वापरावी, पण नाही म्हणून फुगलेले पोट कोणी ओढून शिवू नये. आणि पिशवी शिवतानाच ती काढायचा दिवस ठरवावा, कारण आठवडा उलटला की कडा जवळ आणणे अवघड होत जाते.