डिझेलचा दाब कळतो कुणाला? चौसाळ्याच्या रस्त्यावरून थोडा इतिहास

पोकलेन सुरू होतं, रिकामं फिरतं, पण बकेट खडकाला लागली की इंजिन बसतं. आवाज जड होत जातो आणि मग सगळं शांत. ऑपरेटर म्हणतो, "डिझेल पोचत नाहीये." सोलापूर-धुळे महामार्गावर, मांजरसुंब्याच्या दक्षिणेला असलेल्या चौसाळ्यात हे वाक्य कुणाला नवं वाटणार नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात याच वाक्यापासून करावी असं माझं मत आहे. डिझेल पोचत नाही हे कळतं कसं? ते कळण्याची रीत कधी बदलली?

आपल्याला सवय असते 'पहिलं कधी आलं' हे शोधायची. पण बीड जिल्ह्यात मोठी यंत्रं कधी आली याचं उत्तर कारखान्यांच्या इतिहासात मिळत नाही, ते दुष्काळाच्या इतिहासात मिळतं. १९७२ च्या दुष्काळात खडी माणसांनी फोडली, पाझर तलावांची माती माणसांनी वाहिली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला. त्यात मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठरलं, आणि माणसाला जमणारं काम यंत्राने करायचं नाही हा त्या योजनेचा गाभाच होता. म्हणजे सरकारी मातीकामाचा मोठा हिस्सा यंत्रापासून मुद्दाम लांब ठेवलेला होता. हे चित्र पुढे पार उलटलं. २०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यात यंत्रांनी तलावांतला गाळ काढला, पाठोपाठ जलयुक्त शिवार आलं, आणि येडशी ते औरंगाबाद चौपदरीकरणात हाच महामार्ग उकरला गेला. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आता ते कुठल्याही कंपनीच्या यंत्राला लागतं, हेही या काळाचंच देणं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'इंधनाचा दाब' हा शब्द एकच असला तरी त्यामागची वस्तू निदान तीनदा बदललेली आहे. हे नीट समजून घ्या, नाहीतर जुनी मॅन्युअलं वाचताना घोळ होईल.

पहिला प्रकार लाइन पंपाचा. जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ पासून हे पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले. आपल्याकडे ते 'मायको' या नावाने रुजले. ही कंपनी १९५१ ची, बंगळूरची, नंतर तिचा कारखाना नाशिकलाही झाला. यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते आणि दाब क्षणभर चढतो नि उतरतो. साधारण दोनशे बारला नोझल उघडतं. हा दाब चालत्या यंत्रावर कुणी मोजत नसे. नोझल काढायचं, हाताच्या टेस्टरवर लावायचं, फवारा धुक्यासारखा येतो की थेंब गळतात ते बघायचं. त्याआधी यंत्रावरच एक परीक्षा व्हायची. इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट सैल करायचा. नट सैल केल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय. नाही बदलला, तर दोष तिथेच. म्हणजे इथे निदान कानावर चालायचं. मोटार मेकॅनिकच्या या कानाबद्दल श्टेफान क्रेब्स या अभ्यासकाने जर्मनीच्या संदर्भात चांगलं काम केलंय, जमल्यास वाचा.

दुसरा प्रकार पुण्याशी जोडलेला आहे. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि तिच्याबरोबर कमिन्सची 'पीटी' पद्धत आली. पी म्हणजे प्रेशर, टी म्हणजे टाइम. इथे पंप सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून तुलनेने कमी दाबाचं डिझेल देतो. किती डिझेल आत जाईल हे त्या दाबावर आणि इंजेक्टरचं भोक किती वेळ उघडं राहतं त्यावर ठरतं. जोरात फवारण्याचं काम नंतर कॅमशाफ्टच्या धक्क्याने इंजेक्टर स्वतः करतो. याचा अर्थ डोझर किंवा डंपरची ताकद थेट गेजच्या काट्यावर वाचता येऊ लागली. ताकद कमी आहे ना? मग आधी पंपाच्या ओढण्याच्या बाजूला गेज लावा. तिथला अडथळा फिल्टर नवा असताना पाऱ्याच्या ४ इंचांच्या आत हवा, जुना झाल्यावरही ८ च्या पुढे जाता कामा नये. मग पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहा. त्यानंतर रेलचा दाब, आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी. मला हा क्रम फार आवडतो, कारण खर्चिक संशय शेवटी ठेवायचा ही शिस्त त्यात आहे.

तिसरा प्रकार कॉमन रेलचा. ट्रकमध्ये जपानला १९९५ मध्ये, कारमध्ये युरोपला १९९७ मध्ये. चौसाळ्यासाठी मात्र या दोन्ही तारखा कुचकामी आहेत. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना आपल्याकडे बीएस-४ चे निकष एप्रिल २०२१ पासून लागू झाले. यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली सरसकट दिसू लागली ती या निकषांच्या रेट्याने. कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही जास्त दाब सतत साठवलेला असतो. सेन्सर तो मोजतो, कंट्रोलर कोड दाखवतो: रेल प्रेशर कमी.

गंमत अशी की कोड आकडा सांगतो, कारण सांगत नाही. फिल्टर तुंबला तरी तोच कोड, हवा घुसली तरी तोच. हाय-प्रेशर पंपाला डिझेल सोडणारा व्हॉल्व्ह अडकला, एखादा इंजेक्टर आतून गळतोय, खुद्द सेन्सर बिघडलाय, सगळ्याला तोच. त्यामुळे अनुभवी फिटर आजही टाकीपासूनच सुरुवात करतो. साइटवर डिझेल बॅरलमधून येतं, त्यात धूळ आणि पाणी असतं. तेव्हा वॉटर सेपरेटर, फिल्टर, नळीचे क्लॅम्प, हा पहिला टप्पा लाइन पंपाच्या काळात होता तसाच राहिलाय.

बदललाय तो दुसरा टप्पा. नट सैल करून बघायची जुनी परीक्षा इथे जीवघेणी आहे. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि वरून जखम सुईच्या टोकाएवढीच दिसते. तिच्या जागी रिटर्न मोजणं आलं. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडायची आणि कुठली बाटली आधी भरते ते बघायचं. जी आधी भरली, तो इंजेक्टर गळका. बाटल्यांची ही परीक्षा लॅपटॉपशिवाय होते. पण व्हॉल्व्हला कंट्रोलर काय हुकूम देतोय, मागितलेला दाब किती आणि मिळालेला किती, हे बघायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते गावातल्या गॅरेजकडे सहसा नसतं. यंत्र तासावर दिलेलं, वर कर्जाचा हप्ता. सर्व्हिसचा माणूस येईपर्यंतचे तास मालकाच्या खिशातून जातात. दाब कळण्याचा अधिकार कुणाकडे, हा प्रश्न इथे पैशाचा होतो.

डेव्हिड एजर्टन म्हणतात की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखांवरून न मांडता वापरावरून मांडावा. महामार्गाच्या कडेला लाइन पंपाचा जुना टिपर आणि नवं कोरं यंत्र शेजारी उभं दिसतं, तेव्हा हे म्हणणं पुस्तकी वाटत नाही. एकच फिटर सकाळी कानाने निदान करतो आणि दुपारी आकड्याने. याला तुम्ही कुठलं 'युग' म्हणणार?

साधनांबद्दल एक सांगतो. लाइन पंपाच्या काळातले कागद मिळू शकतात: पंप-नोझल दुकानांची कॅलिब्रेशनची बिलं, ठेकेदारांच्या लॉगबुका, आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल ट्रेडचे जुने अभ्यासक्रम. तेलाचे डाग असतील, पण वाचता येतात. नव्या यंत्रांचं उलटं आहे. तिथे प्रत्येक बिघाडाची नोंद कंट्रोलर स्वतः ठेवतो, आणि दुरुस्ती झाली की शेवटी कोड क्लिअर केला जातो. यंत्र सुरू होतं आणि नोंद पुसली जाते. या काळावर काम करायचं असेल तर कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढणारे फिटर शोधा, तो फोटो व्हॉट्सअॅपवर कुणाला तरी पाठवलेला असतो. फोन बदलायच्या आत मागून घ्या.