वाळूतील अभिज्ञान

किहीमच्या किनाऱ्यावर आम्ही कित्येक वर्षे नाताळच्या सुट्टीत जात आलो आहो. सुरूच्या बनात बसून खांदेरी-उंदेरीकडे पाहत राहावे, एवढाच तेथील आमचा उद्योग. परंतु गेल्या खेपेस आमच्या भाच्याने धातुशोधक यंत्र बरोबर आणले होते, आणि ओहोटी लागताच तो ओल्या वाळूवरून ते फिरवू लागे. बाटल्यांची झाकणे, खिळे, जाळ्यांची शिशे असा पुष्कळ केर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी सोन्याची एक अंगठी निघाली. ती कोणाची, हा प्रश्नही तिच्याबरोबरच वर आला.

यंत्राचे कुळ पाहू जाता ते आरंभी अपयशीच दिसते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्त्या बेलने असे यंत्र लावून पाहिले. पण गादीतील लोखंडी तारांनी त्यात घोटाळा केला, गोळी सापडली नाही व अध्यक्षही वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग हुडकण्याकरिता ते हाती धरून चालण्याजोगे केले, व १९४२ साली अल् अलामीनच्या वाळवंटात त्याचा उपयोग झाला. तेच आज सुट्टीचे खेळणे झाले आहे!

आमच्याकडे हे काम यंत्रावाचून होत असे. सोनाराच्या दुकानातील केर व राख विकत घेऊन ती धुणारा झारेकरी आजच्या तरुण वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. जड ते तळी राहते, हलके वाहून जाते, एवढेच त्याचे शास्त्र. आणि ते पुरेसे होते, कारण सोने पाण्याच्या सुमारे एकोणीसपट जड, तर वाळूचा कण अडीचपटीहून थोडाच अधिक. समुद्रही हेच करतो. पावसाळ्याच्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, उघाडीच्या महिन्यांत ती परत आणून घालतात. या उलथापालथीत जड जिन्नस खाली खाली उतरत जाऊन कठीण थरावर विसावतो.

सापडणे ही मात्र अर्धीच गोष्ट. कालिदासाने शाकुंतलात घातलेली मुद्रिका महाभारतातील मूळ कथेत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही दरवर्षी सांगतो. परंतु त्यातील कोळ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडली म्हणून बिचाऱ्यास प्रथम चोर ठरवून बांधतात, आणि राजाकडून तिच्या मोलाएवढे बक्षीस येताच तेच शिपाई त्याच्यासह गुत्त्याकडे वळतात. अंगठीवर राजाचे नाव होते, म्हणून तो सुटला. नाव नसते तर?

१८६० च्या दंडसंहितेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. ४०३ व्या कलमाच्या उदाहरणांतच एक मौल्यवान अंगठी आहे: मालक ठाऊक नसता, त्याचा शोध न करता जो ती लागलीच विकतो, तो गुन्हेगार. २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. अप्रामाणिक अपहाराचे कलम आता ३१४ वे आहे. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर कलेक्टरास लेखी द्यावी, असे सांगणारा १८७८ चा निखात निधीचा कायदा निराळाच. सुट्टीच्या आनंदात हे कोणाला आठवते? १९४४ च्या एप्रिलात मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यातील सोन्याची एक वीट बर्जोरजी मोतीवाला यांच्या घरी येऊन पडली. त्यांनी ती परत केली. पण विटेचा धनी शोधावा लागत नाही. अंगठीचा शोधावा लागतो.

आमच्या अंगठीवर शुद्धतेचा छाप नव्हता. २०२१ पासून दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांची खूण उमटू लागली. ही त्याहून कितीतरी जुनी. अलिबागच्या सोनाराने कसोटीला लावून बावीस कॅरेट सांगितले. वजन चार माशांच्या आतबाहेर. आतील अक्षरे झिजलेली, आणि मागच्या बाजूस फिकट रंगाचा एक जोड. पोलिसांकडे वर्दी देऊन आम्ही गावात ‘अंगठी सापडली आहे’ एवढेच कळविले. जोडाविषयी मुद्दाम मौन राखले.

पहिल्या गृहस्थांनी खड्याचे वर्णन केले. अंगठीस खडा नव्हताच. दुसऱ्या एक वृद्ध बाई आल्या. अक्षरे त्यांना सांगता येईनात, वजनही सांगता येईना. आमचा भाचा साशंक झाला. मग त्या म्हणाल्या, “थोरल्याच्या वेळी बोटं सुजली होती, तेव्हा कापून काढावी लागली. मागून सांधून घेतली, पण सोनं एकसारखं नाही मिळालं.”

पोलिसांसमक्ष अंगठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती बोटात घातली नाही. उलटी करून प्रथम जोड पाहिला.