जिनचा रूळ आणि फोनची बॅटरी

१८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस आला याचं कारण कापूस होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावावरून गेला आणि वऱ्हाडातला कापसाचा सगळ्यात मोठा बाजार असलेलं खामगाव बाजूला राहिलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला आणि वऱ्हाडाचं भाग्य एकदमच फळफळलं. त्याच १८७० साली मुंबईहून एडन, सुएझमार्गे समुद्रातली तार इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलमधला भाव खामगावच्या बाजारात कळायला लागणारा वेळ खूपच कमी झाला. आज खामगावच्या बुलढाणा जिल्ह्याला मागास म्हणण्याची सवय अनेकांना आहे. त्यांनी हे लक्षात घ्यावं की जगाच्या बाजाराशी तारेने आणि रुळाने जोडला गेलेला हा मुलूख नव्या यंत्रांना दीडशे वर्षांपूर्वीच सरावला होता. या जिल्ह्याला नव्याचं वावडं कधीच नव्हतं. म्हणूनच जुनं यंत्र किती दिवस वापरावं, आणि आजच्या भाषेत जुना स्मार्टफोन ठेवावा की बदलावा, या प्रश्नावर इथल्या इतिहासाची साक्ष काढावीशी वाटते.

ही साक्ष मिळते ती जिनमध्ये. कापसातून सरकी वेगळी करायचं काम आधी घरोघरी हाताच्या चरखीवर चाले. रेल्वेबरोबर वाफेवर चालणाऱ्या जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले आणि चरखी पाहता पाहता मागे पडली. अमेरिकेत करवती जिन चालायची, पण तिच्या दात्यांत आखूड धाग्याचा देशी कापूस तुटायचा. इकडे रुजली ती रुळाची जिन, अमेरिकेतल्याच फोन्स मॅकार्थी यांनी १८४० साली पेटंट घेतलेल्या रचनेवर बेतलेली. तिची कळ सोपी आहे. कातड्याच्या चकत्या एकमेकींना लावून, दाबून एक लांब रूळ केलेला असतो आणि त्याच्या अंगाला एक पातं घट्ट टेकवलेलं असतं. खरबरीत रूळ फिरताना तंतू पकडून पात्याखालून ओढून नेतो. सरकी पात्यापाशी अडते आणि वरखाली हलणारं दुसरं पातं तिला टोला देऊन खाली पाडतं. या सगळ्यात झिजतो तो रूळ. त्याच्यावरच्या खाचा बुजल्या की पुन्हा पाडायच्या, आणि तो फारच बारीक झाला की काढून दुसरा बसवायचा. पातं बोथट झालं की घासायचं. लोखंडाचा सांगाडा जागचा हलत नाही. भारतातला बहुतेक कापूस आजही याच घराण्यातल्या डबल रोलर जिनवर सरकीपासून वेगळा होतो. या जिन एके काळी इंग्लंडातून येत, आता नागपुरात तयार होतात. कातडी रुळातल्या क्रोमियमची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत आणि रुईत जाते हे लक्षात आल्यावर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, कापड आणि रबर यांचा क्रोमियममुक्त रूळ विकसित केला. दोष गंभीर होता, आणि तो दूर झाला तो रूळ बदलून. जिन भंगारात काढावी लागली नाही.

माझं म्हणणं या रुळाभोवती आहे. कुठल्याही यंत्रात टिकणारा भाग आणि झिजणारा भाग असे दोन असतात. झिजणारा भाग वेगळा काढता येतो का, तो जवळच्या गावात मिळतो का आणि तो बसवणारा माणूस आहे का, यावर यंत्राचं आयुष्य ठरतं. मालकाची हौस किंवा काटकसर यांचा वाटा त्यात फार थोडा. स्मार्टफोनमध्ये सगळ्यात आधी झिजते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली की तिची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. रोज चार्ज केली तर हे दीड-दोन वर्षांचं काम. नेमकी हीच वस्तू गेल्या दशकभरात कंपन्यांनी काचेच्या पाठीमागे डिंकाने चिकटवून बंद केली. २००३ साली आलेला नोकिया ११०० आठवावा. नखाने मागचं झाकण काढायचं, बीएल-५सी बॅटरी बाहेर घ्यायची, दुसरी बसवायची. त्या फोनला टॉर्च होती, आणि रात्री पिकाच्या जागलीवर जाणाऱ्या किंवा रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला उठणाऱ्या शेतकऱ्याला तिची किंमत सांगावी लागत नसे. तो फोन बाजारातून गेला, त्याची बॅटरी मात्र अजून मिळते. ती इतकी जुळवून घेणारी निघाली की स्वस्तातल्या रेडिओंपासून भजनांच्या डब्यांपर्यंत अनेक वस्तू तिच्याच मापाने तयार झाल्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की जुनं ठेवणं ही गरिबीची सवय आहे आणि तिला मोठेपणा देऊ नये. या आक्षेपात तथ्य आहे. गावगाड्यात सुतार वखराची दांडी बदलायचा, लोहार पास पाजवून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर आपलं बलुतं न्यायचा. दुरुस्तीचा मोबदला वर्षाचा ठरलेला असल्यामुळे औजार लवकर मोडण्यात कारागिराचा काहीच फायदा नव्हता. ही त्या व्यवस्थेतली शहाणपणाची बाजू. पण तीच व्यवस्था जातीने जखडलेली होती. काम निवडायची मुभा नव्हती, मोबदला पाटलाच्या मर्जीवर होता आणि सगळ्यात जास्त राबणाऱ्यांना सगळ्यात कमी मिळत होतं. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हाच ही घडी विस्कटत असल्याचं दिसत होतं, आणि १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनांविरुद्ध विधेयक मांडलं ते उगीच नव्हे. ती व्यवस्था परत यावी असं कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. मात्र जिनचे मालक गरीब नव्हते. गाठीच्या गाठी मुंबईला पाठवणारे, चार पैसे राखून असलेले हे व्यापारी होते, आणि तरी त्यांनी तीच जिन पिढ्यान्‌पिढ्या चालवली, कारण रूळ मिळत होता आणि तो बसवणारा मिस्त्री हाताशी होता. दुसरा दाखला तर थेट अमेरिकेतला आहे. बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग आपण कमी करतो हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं आणि मग बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. वर्षभराने, जानेवारी २०१९ मध्ये, विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याची कारणं देताना कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात ही स्वस्त झालेली बॅटरीही मोजली. जगातल्या श्रीमंत देशातल्या ग्राहकांनीही झिजलेला भाग परवडू लागताच नवा फोन घेणं पुढे ढकललं. जुनं ठेवणं केवळ गरिबीतून येतं हे म्हणणं या एका पत्राने खोटं पडतं.

दुसरा आक्षेप प्रगतीचा. चरखी टिकवून ठेवली असती तर खामगाव उभं राहिलं असतं का? नसतंच राहिलं. चरखीवर दिवसभर राबून निघणारी रुई आणि जिनवर निघणारी रुई यांत इतका मोठा फरक होता की बदल करणं हाच शहाणपणा होता. मोबाइलच्या बाबतीतही असा खरा बदल एकदा झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फक्त फोर-जीवर चालणारं, आणि स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचलं. तेव्हा जुना फोन सोडणाऱ्याने योग्यच केलं. पण त्यानंतरच्या नव्या फोनांत कॅमेऱ्याचं एखादं भिंग, थोडा जास्त उजळ पडदा, थोडा वेगवान प्रोसेसर यापलीकडे, पैसे पाठवणं, बाजारभाव बघणं, हवामान बघणं, नातवाशी बोलणं या कामांत काय फरक पडला, हे विकणाऱ्याने सांगावं. चरखीकडून जिनकडे जाणं ही झेप होती. यातली बरीचशी खरेदी तशी नाही.

आणि इथे तारेचा इतिहास उपयोगी पडतो. खामगावला कापसाचे भाव आणणारी तारसेवा देशभरात १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. दीडशेहून अधिक वर्षं चाललेली सेवा बंद पडली याची हळहळ झाली, पण अन्याय झाला नाही, कारण लोक आधी निघून गेले होते. टेलिफोन आला, मोबाइल आला, तार करणारे उरले नाहीत आणि मग खिडकी बंद झाली. स्मार्टफोनच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला आहे. माणूस फोन वापरतोच आहे, फोन चालतोच आहे, आणि सेवा आधी बंद होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनांचा आधार काढून घेतला. सुरक्षेचे अपडेट थांबतात, बँकेचं ॲप उघडत नाही, थ्री-जीचं नेटवर्क काढून घेतलं जातं. वस्तू कधी म्हातारी झाली हे पूर्वी वापरणारा आणि दुरुस्त करणारा मिळून ठरवत. आता ते तिसराच कोणीतरी, शेकडो कोस दूर बसून ठरवतो. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

सुरक्षेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत त्यावर यूपीआयचे व्यवहार करणं धोक्याचं आहे, आणि ज्याच्या खात्यात पीकविम्याची किंवा कापसाच्या विक्रीची रक्कम येते त्याने तो धोका पत्करू नये. असा फोन बोलण्यापुरता, रेडिओ-गाण्यांपुरता ठेवावा, पैशांसाठी नाही. पण अपडेट थांबणं हा काही निसर्गनियम नाही. काही वर्षांपूर्वी अँड्रॉइड फोनला दोन-तीन वर्षांचे अपडेट म्हणजे पुष्कळ समजले जात. मग गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचं आश्वासन दिलं. म्हणजे सात वर्षं देता येतात. अडचण तंत्राची नव्हती, इच्छेची होती, आणि ही इच्छा अजून बहुतांशी महागड्या फोनांपुरतीच आहे. दहा हजारांच्या आतला फोन घेणाऱ्याला ती सर्वांत जास्त हवी आणि त्यालाच ती सर्वांत कमी मिळते.

जुना फोन दिला तर एक्स्चेंजमध्ये पैसे मिळतातच, असंही म्हटलं जातं. खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं, आणि तिथल्या चांदीचा लौकिक तिच्या शुद्धतेवर उभा आहे. जुनं पैंजण मोडीत दिलं तर घट वजा जाता धातूची किंमत हातात येते. फोनचं तसं नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार १० लाख मोबाइलमध्ये सुमारे ३४ किलो सोनं आणि ३५० किलो चांदी असते, म्हणजे एका फोनमध्ये अर्धा ग्रॅमही चांदी नाही. फोनची सारी किंमत तो चालण्यात आहे, आणि तो बनवताना झालेला खर्च परत येत नाही. ॲपलच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांत फोनच्या आयुष्यभराच्या कर्ब उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के वाटा निर्मितीचा दिसतो. आपल्या हातात येईपर्यंतच बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. तो दोन वर्षं वापरायचा की सहा, एवढंच आपल्या हातात उरतं.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनविक्रीवर अटी घातल्या आहेत. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, सुटे भाग मिळत राहतील असं बघायचं, बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के ताकद राखणारी हवी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केलं. संकेतस्थळावर माहिती मिळते, बंधन कुणावर येत नाही. चिखली, मेहकर, मलकापूर, देऊळगाव राजा इथल्या बाजारांत टेबलावर हीट गन आणि बारीक पेचकस मांडून बसलेला मोबाइल मिस्त्री जिनच्या मिस्त्रीपेक्षा हुशारीत उणा नाही. त्याला अस्सल सुटा भाग रास्त भावात मिळण्याची हमी नाही, एवढंच उणं आहे.

सरकारनेही एक गोष्ट स्वतःपासून सुरू करावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या फोनवरून, बांधावर उभं राहून, फोटोसह करायची झाली. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवली आहे, ती चांगलीच आहे. पण ज्याच्या नोंदीवर अनुदान आणि नुकसानभरपाई अवलंबून आहे, त्याला केवळ ॲप चालावं म्हणून नवा फोन घ्यायला लागू नये. अशा प्रत्येक सरकारी ॲपसाठी ते किती वर्षं जुन्या फोनवर चालेल हे शासनाने आधी जाहीर करावं आणि ते पाळावं. आणि फोन विकत घेणाऱ्यांना एक विनंती. दुकानात किंमत विचारता तसे आणखी दोन प्रश्न विचारा: याला अपडेट किती वर्षं मिळणार, आणि याची बॅटरी बुलढाण्यात किंवा खामगावात कोण, किती रुपयांत बदलून देईल? उत्तर मिळालं नाही, तर तो फोन घेऊ नका.