ग्राफिक्स कार्ड चालू असूनही मॉनिटरवर चित्र न येणे

ग्राफिक्स कार्ड चालू असूनही मॉनिटरवर चित्र न येणे हा मेज-संगणकात आढळणारा एक सामान्य बिघाड आहे. यात संगणकाचे पंखे फिरतात व दिवे लागतात, परंतु पडदा काळा राहतो किंवा त्यावर 'नो सिग्नल' असा संदेश दिसतो. पंखा फिरणे म्हणजे कार्ड सुस्थितीत असणे नव्हे. पंख्यास वीज मिळत असूनही चित्र तयार करणारी चिप किंवा कार्डावरील स्मृती निकामी असू शकते. उलट, दोष अनेकदा कार्डात नसून केबल, जोडणी किंवा मांडणीत असतो. त्यामुळे क्रमाने तपासणी न करता नवे कार्ड विकत घेतल्यास खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

== कारणे ==
* केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असणे.
* मॉनिटरवर चुकीचा इनपुट निवडलेला असणे.
* कार्ड खाचेत पूर्ण न बसणे.
* कार्डाला पूरक वीजजोडणी न दिलेली असणे किंवा वीजपुरवठा संचाची (एसएमपीएस) क्षमता अपुरी असणे.
* रॅम सैल असणे. हा दोष ग्राफिक्स कार्डाचाच वाटतो.
* बायोसमधील मांडणी किंवा ड्रायव्हर अयोग्य असणे.

== तपासणीचा क्रम ==
=== मॉनिटर व केबल ===
प्रथम मॉनिटर व केबल दुसऱ्या संगणकावर तपासतात. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे मॉनिटरचे वेगवेगळे इनपुट असल्याने योग्य तो निवडावा लागतो. ज्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते (उदा. इंटेलचे नावाअखेर 'एफ' असलेले प्रोसेसर), त्यांच्या बाबतीत मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र मिळत नाही.

=== वीजपुरवठा ===
पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कार्डास कमाल ७५ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक गरज असल्यास सहा पिनी (७५ वॉट) किंवा आठ पिनी (१५० वॉट) जोडणी द्यावी लागते. प्रोसेसरसाठीची आठ पिनी तार दिसायला सारखी असली तरी तिची रचना वेगळी असते. ती कार्डात बळाने बसवू नये.

=== कार्ड व रॅम ===
संगणक बंद करून मुख्य तार काढल्यानंतर आणि धातूच्या सांगाड्यास स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत निचरा केल्यानंतरच कार्ड काढतात. खाचेची कळ दाबून कार्ड बाहेर घेतात व पुन्हा घट्ट बसवतात. दुरुस्तीच्या दुकानांत संपर्कपट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत आहे. परंतु त्यामुळे सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड अधिक सुरक्षित ठरते. रॅमची एकेक पट्टी आळीपाळीने लावून पाहतात.

=== बीप व बायोस ===
संगणक सुरू होताना स्वयंचाचणी होते. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप हा चित्रविषयक दोषाचा संकेत असतो. इतर बायोसचे संकेत वेगळे असल्याने मदरबोर्डची पुस्तिका पाहावी लागते. सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवल्यास अनेक मदरबोर्डवर बायोसची मांडणी मूळ स्थितीत येते. जुन्या कार्डांना सुसंगतता विभाग (सीएसएम) चालू लागू शकतो.

=== ड्रायव्हर ===
सुरुवातीची अक्षरे दिसून विंडोज उघडताना पडदा काळा होत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर काढून नवा टाकतात.

== कोकणातील परिस्थिती ==
रायगड जिल्ह्यातील पेण–रोहा पट्ट्यात, जेथे निडी हे पनवेल–रोहा लोहमार्गावरील स्थानक आहे, जून ते सप्टेंबर या काळात हवेत आर्द्रता फार असते. ओलसर धूळ संपर्कपट्ट्यांवर साचते व गंज धरतो. दीर्घकाळ बंद असलेला संगणक त्यामुळे पहिल्या प्रयत्नात चित्र देत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकल्यानंतर अनेक गावांतील वीजपुरवठा बराच काळ खंडित होता. अशा खंडानंतर वीज परतताना दाबात चढउतार होऊ शकतो. म्हणून तोवर उपकरणाची तार काढून ठेवणे आणि अर्थिंग तपासून घेणे इष्ट असते.

== अंतिम निदान व दुरुस्ती ==
संशयित कार्ड दुसऱ्या संगणकात आणि चालू कार्ड याच संगणकात लावून पाहिल्यास दोष कोठे आहे ते निश्चित होते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड हा संगणकाच्या सुट्या भागांचा परिचित बाजार आहे. हमी शिल्लक असल्यास कार्ड उघडू नये. त्याने हमी रद्द होऊ शकते. कार्ड भट्टीत तापवण्याचा घरगुती उपाय तात्पुरता ठरतो व त्यातून घातक वाफ निघू शकते. वीजपुरवठा संच उघडणेही धोक्याचे असते, कारण तार काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो. निकामी कार्ड घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे लागते.